जिंगूचं गवत आणि दहा हजार तबकड्या

बॉस्टन शहर, नव्वदचं दशक. बर्कली संगीत महाविद्यालयाजवळच्या जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात चाळिशी ओलांडलेला एक जपानी गृहस्थ खोक्यांतल्या एलपी एकेक करून पुढे सरकवतो आहे. हा त्याचा नेहमीचा उद्योग. एका खोक्यात त्याला पेपर अ‍ॅडम्स या बॅरिटोन सॅक्सोफोनवाल्याची '10 टू 4 अ‍ॅट द 5 स्पॉट' ही रेकॉर्ड सापडते. न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबात 1958 साली रिव्हरसाइड कंपनीने प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित केलेली. नावाचा अर्थ सरळ आहे: वाजवता वाजवता पहाटेचे चारला दहा कमी झाले. प्रत पहिल्या छपाईची, जवळजवळ कोरी आणि किंमत किरकोळ. गृहस्थ खुशीत पैसे देऊन दाराबाहेर पडतो, तर समोरून येणारा एक तरुण त्याला विचारतो, किती वाजले हो? हा मनगटाकडे बघतो. चारला दहा कमी.

हे गृहस्थ म्हणजे जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी. त्यांचं 'टोकियो कितानशू' हे जपानी पुस्तक 2005 साली आलं. त्यातल्या एका कथेच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या नावानिशी पुढे येऊन हा प्रसंग सांगितला आहे. सोबत आणखी एक आहे. केंब्रिजमधल्या रेगाटाबार क्लबात पियानोवादक टॉमी फ्लॅनगन वाजवत होते, पण त्या रात्री रंग भरत नव्हता. मुराकामी मनाशी म्हणाले, आत्ता या माणसाने माझ्या आवडीच्या दोन चिजा वाजवल्या तर! कोणाला सांगितलं नाही, चिठ्ठी पाठवली नाही. फ्लॅनगननी शेवटी नेमक्या त्याच दोन वाजवल्या, लागोपाठ.

हे प्रसंग चमत्कार म्हणून सांगितले जातात. मला त्यातल्या चमत्कारापेक्षा हिशोब जास्त दिसतो. जो माणूस वर्षानुवर्षं अशा दुकानांत दुपारच्या दुपार घालवतो, पडेल मैफलीतूनही उठून जात नाही, त्याला कधीतरी चारला दहा कमी असताना कोणीतरी वेळ विचारणारच. मुराकामींच्या आयुष्यातल्या तीन आवडी, जॅझच्या रेकॉर्ड्स, बेसबॉल आणि पुस्तकं, या तिन्हींना लागणारं भांडवल एकच आहे: भरपूर वेळ, आणि तो वाया गेला तरी तक्रार न करण्याची तयारी.

मुराकामींचा जन्म 1949 चा, क्योतोतला. वाढले ते निशिनोमिया, आशिया आणि कोबे या शहरांच्या पट्ट्यात. आई आणि वडील दोघंही जपानी साहित्य शिकवणारे. घरात जेवणाच्या ताटावरही अभिजात जपानी साहित्याचीच चर्चा असल्यावर मुलगा दुसरीकडे वळणार हे ओघानेच आलं. कोबे हे बंदर. परदेशी लोकांनी मागे टाकलेली जुनी इंग्रजी पेपरबॅक्स तिथल्या दुकानांत स्वस्तात मिळायची. रहस्यकथा, विज्ञानकथा, हाताला लागेल ते हा मुलगा अडखळत वाचत राहिला. म्हणजे हाताळलेल्या, दुसऱ्याने वापरून सोडलेल्या वस्तूंची गोडी रेकॉर्ड्सच्या आधी पुस्तकांनी लावली.

जॅझ आला 1964 च्या जानेवारीत. आर्ट ब्लेकी आणि त्यांचे जॅझ मेसेंजर्स कोबेला वाजवायला आले होते आणि पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून मुराकामींना तिकीट मिळालं. मंचावर ड्रम्सवर ब्लेकी, टेनर सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, ट्रंपेटवर फ्रेडी हबर्ड आणि ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर. पोराला काहीच कळलं नाही, पण काहीतरी प्रचंड घडतं आहे एवढं समजलं. यातल्या फुलरचं नाव लक्षात ठेवा. चाळीस वर्षांनी, 2004 मध्ये, मुराकामींनी 'आफ्टर डार्क' ही कादंबरी लिहिली. तिचं शीर्षक फुलरने वाजवलेल्या 'फाइव्ह स्पॉट आफ्टर डार्क' या चिजेवरून घेतलेलं आहे आणि तिच्यातला तरुण ट्रॉम्बोन वाजवतो. वाढदिवसाच्या तिकिटाची एवढी वसुली क्वचित कोणी केली असेल.

पण पंधरा वर्षांच्या पोराने मैफलीनंतर घरी जाऊन ऐकायचं काय? इथे जपानच्या एका खास संस्थेबद्दल सांगायला हवं: जॅझ किस्सा, म्हणजे जॅझ ऐकण्यासाठी बसायची कॉफीची दुकानं. टोकियोतलं पहिलं 1929 चं मानलं जातं. योकोहामातलं 'चिगुसा' 1933 साली मामोरू योशिदा यांनी सुरू केलं. युद्ध आल्यावर अमेरिकी संगीत शत्रूचं ठरलं. 1943 साली सरकारने बंदी घातलेल्या गाण्यांची लांबलचक यादी काढली आणि त्याच वर्षी बेसबॉलच्या मैदानावरून 'स्ट्राइक', 'आउट' हे शब्दही हद्दपार करून जपानी शब्द आणले गेले. व्यावसायिक खेळ मात्र 1944 पर्यंत चालू राहिला. तो जपानी माणसाच्या अंगात भिनलेला होता. चिगुसातल्या रेकॉर्ड्स 1945 च्या बाँबहल्ल्यात जळून गेल्या. योशिदांनी युद्धानंतर नव्याने जमवाजमव करून दुकान परत उघडलं. तिथेच तोशिको आकियोशी, सादाओ वातानाबे असे तरुण वादक तासन्‌तास बसून, कान देऊन, रेकॉर्डवरचं वादन उतरवून घेत. पुढे दोघंही जगभर नावाजले गेले.

पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेहून आलेली एलपी विकत घेणं सामान्य विद्यार्थ्याच्या ऐपतीबाहेरचं होतं. कॉफीच्या एका कपाच्या पैशात मात्र किस्सात बसून दुपारभर मालकाचा संग्रह ऐकता यायचा. मोठे स्पीकर्स, मंद दिवे, काही ठिकाणी बोलायला सक्त मनाई. फर्माईश चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्यांच्या आवडीचं निमूट ऐकायचं. यातली शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज बोट सरकवलं की गाणं बदलतं. तेव्हाच्या पोरांना नावडतं ऐकावं लागलं आणि त्यातूनच त्यांचा कान तयार झाला.

या दुकानांनी काही वादकांचं नशीबही बदललं, फार उशिरा का होईना. पियानोवादक सॉनी क्लार्क 1963 साली, एकतिसाव्या वर्षी गेला. 'कूल स्ट्रटिन' ही त्याची 1958 ची रेकॉर्ड अमेरिकेत फारशी कोणी विचारली नाही. मुखपृष्ठावर रस्त्याने चाललेल्या एका बाईचे फक्त पाय दिसतात. हीच रेकॉर्ड जपानी किस्सांमध्ये इतकी वाजली की तिथल्या श्रोत्याच्या लेखी ती जॅझचा कळस ठरली. ती काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीची कपाटात पडून राहिलेली कित्येक मुद्रणंही पहिल्यांदा जपानच्या किंग रेकॉर्ड्सने बाजारात आणली.

आपल्याकडे हे उलट घडलं. मुंबईत जॅझ आला तो मुख्यतः माणसांच्या हातून. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचे वाद्यवृंद वाजवत होते आणि गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले, त्यांच्या शेजारी उभे राहून ती कला उचलत होते. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा अँतोनिओ झेवियर व्हाझ, रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मधल्या (1951) संगीताला त्याचा हात लागला आहे आणि तो पडद्यावरही दिसतो. त्यामुळे आपला जॅझ हिंदी चित्रपटगीतांत विरघळून गेला. आपण तो न ओळखता गुणगुणत राहिलो. जपानमध्येही वाजवणारे होते, अमेरिकी छावण्यांनी त्यांना कामही दिलं, पण तिथल्या सामान्य रसिकाची ओळख झाली ती तबकडीशी. म्हणून तिथे संग्राहक झाले. आपल्याकडे रेकॉर्ड्स जमवणारे चिकट लोक नाहीत असं नाही. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. पण त्यांची कपाटं बघाल तर तिथे जॅझला कोपराच मिळतो. नाट्यसंगीत आणि ख्याल यांनी बाकी जागा अडवलेली असते, आणि ते योग्यच आहे.

मुराकामी 1968 मध्ये वासेदा विद्यापीठात शिकायला टोकियोला आले. 1971 साली योको यांच्याशी लग्न केलं आणि पदवी हातात पडण्याआधीच, 1974 मध्ये, टोकियोच्या पश्चिमेला कोकुबुंजी इथे स्वतःचं दुकान काढलं. दिवसा कॉफी, रात्री दारू, दिवसरात्र जॅझ. पूर्वी पाळलेल्या मांजराच्या नावावरून दुकानाचं नाव ठेवलं 'पीटर कॅट'. नोकरी करायची नव्हती आणि सकाळपासून रात्रीपर्यंत रेकॉर्ड्स ऐकत पैसे मिळावेत ही इच्छा होती, असं त्यांचं साधं गणित. प्रत्यक्षात कर्जाचे हप्ते, सँडविच, कॉकटेल आणि ग्लास विसळणं. शनिवार-रविवारी तरुण वादक येऊन वाजवत. 1977 मध्ये दुकान शहराच्या मध्यभागी, सेंदागायाला हललं.

सेंदागायाहून मेइजी जिंगू स्टेडियम पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पुढचं सगळं या भूगोलामुळे घडलं.

जिंगू 1926 चं मैदान. 1934 साली अमेरिकी खेळाडूंच्या दौऱ्यात बेब रूथ इथे खेळला. विद्यापीठांच्या सामन्यांचं हे जुनं घर आणि याकुल्ट स्वॅलोज या व्यावसायिक संघाचंही. याकुल्ट म्हणजे तेच, छोट्या बाटलीतलं आंबटगोड पेय, जे आता मुंबई-पुण्याच्या दुकानांतही मिळतं. स्वॅलो म्हणजे पाकोळी. संघ 1950 मध्ये जपानच्या सरकारी रेल्वेने काढला तेव्हा तिच्या एका जलद गाडीचं नाव त्याला मिळालं. मग एका वृत्तपत्राने विकत घेतला, काही वर्षं ओसामू तेझुकांच्या चित्रकथेतला 'अ‍ॅटम' त्याच्या नावावर आणि कपड्यांवर होता, मग पेयवाले आले. मालक बदलले, नावं बदलली, पराभव कायम.

मुराकामी ज्या भागातले, तिथला धर्म म्हणजे हानशिन टायगर्स. वडील कट्टर, टायगर्स हरले की घरातलं वातावरण बिघडायचं. टोकियोला आल्यावर समोर सरळ पर्याय होता योमिउरी जायंट्स, ज्यांनी 1965 ते 1973 सलग नऊ वर्षं अजिंक्यपद पटकावलं. मुराकामींनी निवडला जिंगूचा रडका संघ. मैदान छान होतं, गर्दी नव्हती आणि बाह्यक्षेत्राच्या मागे खुर्च्यांऐवजी गवताचा उतार होता. तिथे पाय पसरून बिअर पीत आपला संघ हरताना बघायचा. स्वॅलोज धावा काढतात तेव्हा प्रेक्षक छोट्या छत्र्या उघडून नाचवतात आणि 'टोकियो ओंदो' हे गाणं म्हणतात. त्या काळात छत्र्या बहुधा घडी केलेल्याच राहत असणार.

1 एप्रिल 1978, शनिवार. मोसमाचा पहिला सामना, समोर हिरोशिमा कार्प. पहिल्या डावात याकुल्टचा पहिलाच बॅटर डेव्ह हिल्टन, त्या वर्षी नव्याने आलेला अमेरिकन. त्याने पहिला चेंडू डावीकडे स्वच्छ मारला आणि दुसरा बेस गाठला. गवतावर आडव्या झालेल्या, तिशीला टेकलेल्या दुकानदाराला त्या क्षणी वाटलं, आपल्याला कादंबरी लिहिता येईल. सामना संपल्यावर शिंजुकूच्या किनोकुनिया दुकानातून कागद आणि फाउंटन पेन घेतलं. दुकान बंद झाल्यावर, पहाटेपर्यंत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिखाण चालू झालं. 1979 मध्ये 'हिअर द विंड सिंग' या कादंबरीला 'गुंझो' मासिकाचं नवलेखक पारितोषिक मिळालं.

हा किस्सा आता इतका गोंजारला गेला आहे की त्यातला दुकानदार दिसेनासा झाला. साक्षात्कार सगळ्यांना आवडतो. पण त्या गवतावर मुराकामी त्याआधीची दहा वर्षं येऊन बसत होते आणि संघ हरत होता. रोज रात्री गल्ल्यामागे उभं राहून रेकॉर्डची बाजू पालटत होते. लिहायला बसल्यावर पहिल्या मसुद्याचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी सुरुवातीची पानं इंग्रजीत, तोकड्या शब्दसंग्रहात लिहून पाहिली आणि मग जपानीत आणली. त्यातून आखूड वाक्यांची एक चाल सापडली. लिहायला आपण कोणा लेखकाकडून शिकलो नाही, संगीताकडून शिकलो, असं ते पुढे सांगत आले आहेत: आधी ताल, मग सूर, मग त्याखालची साथ आणि शेवटी मनसोक्त फिरणं. हे वाचून कोणाला वाटेल ही अलंकारिक भाषा. चार वर्षं रोज आठ-दहा तास जॅझ कानावर पडलेल्या माणसाची ती कामाची नोंद आहे.

त्या वर्षीचा दुसरा योगायोग स्वॅलोजचा. 1978 मध्ये हा संघ इतिहासात पहिल्यांदा लीग जिंकला आणि हांक्यू ब्रेव्ह्जला सात सामन्यांच्या मालिकेत हरवून जपानचा अजिंक्यही झाला. हिल्टनच्या जोडीला त्या संघात 39 होमरन मारणारा चार्ली मॅन्युएल होता, ज्याने पुढे 2008 मध्ये फिलाडेल्फिया फिलीजला व्यवस्थापक म्हणून अमेरिकेचं अजिंक्यपद मिळवून दिलं. त्याच 1978 मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली आणि सॉनी रोलिन्स वाजवून गेले. मुराकामींचा तिच्याशी काही संबंध नाही. तारखा शेजारी दिसल्या म्हणून सांगितलं.

जपानी साहित्यात बेसबॉल आणणारे मुराकामी पहिले नव्हेत. आपण ज्यांना हायकूचे आधुनिक प्रणेते म्हणून ओळखतो ते मासाओका शिकी या खेळाचे वेडे होते. ते स्वतः खेळले, खेळावर हायकू आणि तांका लिहिल्या, खेळातल्या संज्ञांना जपानी रूपं दिली. क्षयाने 1902 साली, पस्तिशीही न गाठता गेले. शंभर वर्षांनी, 2002 मध्ये, त्यांना जपानच्या बेसबॉल सन्मानदालनात स्थान मिळालं. कवी आणि चेंडूफळीचा असा गौरव आपल्याकडे कल्पून पाहावा.

मुराकामींनी 1981 मध्ये दुकान विकलं, रेकॉर्ड्स ठेवल्या. संग्रह आज दहा हजारांच्या वर आहे आणि मोठा हिस्सा जॅझचा. जॅझच्या जुन्या रेकॉर्ड्सचा बाजार म्हणजे एक वेगळंच शास्त्र. ब्लू नोटची रेकॉर्ड घेतली की जाणकार आधी मधल्या गोल कागदावरचा पत्ता वाचतो. 'लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू' असेल तर जुनी, '47 वेस्ट 63' असेल तर 1957 नंतरची, नुसतं 'न्यूयॉर्क, यूएसए' असेल तर साठच्या दशकातली. मग तबकडी उजेडात तिरकी धरून, चर संपल्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीत बघायचं. तिथे 'आरव्हीजी' ही अक्षरं म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापलेली मूळ छाप. डोळे तपासून, चष्मे देऊन पोट भरणाऱ्या या माणसाने हॅकेन्सॅकमधल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझचा अर्धा इतिहास मुद्रित केला. शेजारी कानाच्या आकाराची बारीक खूण दिसली तर प्लॅस्टिलाइट कारखान्याची छपाई, म्हणजे 1966 च्या आधीची. एवढ्या खुणा जुळल्या की किंमत कुठच्या कुठे जाते.

मुराकामींना हे सगळं ठाऊक आहे, पण लिलावात बोली लावणाऱ्यांपैकी ते नाहीत. त्यांचा आनंद खोक्यात बोटं फिरवण्याचा. प्रिन्स्टन, केंब्रिज, होनोलुलू, जिथे राहिले तिथे त्यांनी आधी जुन्या रेकॉर्ड्सची दुकानं शोधली. मुखपृष्ठासाठीही ते घेतात. नॉर्मन ग्रांझ यांच्या रेकॉर्ड कंपन्यांसाठी डेव्हिड स्टोन मार्टिन यांनी रेषेच्या जोरावर केलेली कव्हरं त्यांनी इतकी जमवली की 2024 मध्ये त्यावर आख्खं पुस्तक निघालं. त्याआधी 1997 मध्ये चित्रकार माकोतो वादा यांच्यासोबत 'पोर्ट्रेट इन जॅझ' आलं होतं: वादांनी वादकांची चित्रं काढायची, मुराकामींनी त्यांच्यावर लिहायचं. बास वाजवणाऱ्या बिल क्रो यांचे किस्से आणि जेफ डायर यांचं 'बट ब्यूटिफुल' त्यांनी जपानीत आणलं. ही भाषांतरं त्यांच्या कादंबऱ्यांइतकी कोणी वाचत नाही, पण मला वाटतं त्यांचा खरा हट्ट तिथे आहे. जे ऐकलं त्याच्या आजूबाजूचंही वाचायचं आणि दुसऱ्याला वाचायला लावायचं.

तिन्ही आवडी एकाच वेष्टनात बघायच्या असतील तर 2020 चा 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर' हा कथासंग्रह उघडावा. त्यात 'चार्ली पार्कर प्लेज बॉसा नोव्हा' नावाची कथा आहे. निवेदक कॉलेजात असताना अस्तित्वातच नसलेल्या रेकॉर्डचं परीक्षण लिहितो. पार्कर 1955 मध्ये गेला, बॉसा नोव्हाची लाट त्यानंतरची, त्यामुळे अशी रेकॉर्ड असणं शक्यच नाही. कित्येक वर्षांनी न्यूयॉर्कच्या दुकानात त्याच नावाची रेकॉर्ड त्याच्या समोर येते. किंमत 35 डॉलर. जास्त वाटते, तो ठेवून निघून येतो आणि दुसऱ्या दिवशी गेला तर नाही. ज्याने कधी जुन्या बाजारात हातातली वस्तू परत ठेवली आहे त्याला या कथेत गूढ काही दिसणार नाही. त्याच संग्रहात दुसरी कथा आहे याकुल्ट स्वॅलोजवरच्या कवितासंग्रहाची, निम्मी आठवण आणि निम्मी थाप, ज्यात रिकाम्या मैदानात हरणारा संघ बघणारा माणूस कविता लिहितो. त्यातला वडिलांवरचा भाग मला संग्रहातला सगळ्यात सच्चा वाटतो. मुराकामी मानवी भावनांपासून अंतर ठेवतात असं म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

संग्रहाचं पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकाच्या घरच्यांना पडतो. मुराकामींना मूल नाही. 2018 मध्ये त्यांनी हस्तलिखितं आणि रेकॉर्ड्स वासेदाला द्यायचं जाहीर केलं. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचं रूप वास्तुरचनाकार केंगो कुमा यांनी पालटलं, खर्चाचे 120 कोटी येन युनिक्लोचे तादाशी यानाई यांनी दिले आणि 1 ऑक्टोबर 2021 रोजी हे ग्रंथालय उघडलं. आत ऐकण्याची खोली आहे, त्यांच्या लेखनाच्या खोलीची प्रतिकृती आहे, आणि तळघरातल्या कॉफीच्या दुकानात 'पीटर कॅट'मधला पियानो. दुकान विद्यार्थीच चालवतात. विद्यार्थ्यांनी कॉफी विकत जॅझ ऐकवायचा ही योजना कोणाच्या डोक्यातून आली असेल, ते सांगायला नको.

ग्रंथालय उघडलं त्याच वर्षी, 27 नोव्हेंबरला, स्वॅलोजनी वीस वर्षांनी जपानचं अजिंक्यपद जिंकलं, आणि तेही मुराकामींच्या कोबेतल्या मैदानावर, बाराव्या डावापर्यंत ताणलेल्या सामन्यात. संघाचा तारा होता मुनेताका मुराकामी, या कथेतल्या मुराकामींशी नातं फक्त आडनावाचं. पुढच्या वर्षी त्याने 56 होमरन मारले आणि संघ पुन्हा लीग जिंकला.

जिंगूचं मात्र आता काही खरं नाही. त्या परिसराच्या पुनर्विकासात जुनं मैदान पाडून शेजारच्या रग्बीच्या जागी नवं बांधायचं ठरलं आहे. संगीतकार रयुइची साकामोतो यांनी 2023 मध्ये मृत्यूच्या थोडं आधी टोकियोच्या राज्यपालांना विरोधाचं पत्र लिहिलं. मुराकामींनीही त्यांच्या रेडिओवरच्या कार्यक्रमातून, रेकॉर्ड्स लावता लावता, आपला विरोध नोंदवला. झाडं तोडायला 2024 मध्ये सुरुवात झाली. गवताचा उतार केव्हाच जाऊन तिथे खुर्च्या आलेल्या आहेत. संघ 2023 मध्ये सहांत पाचवा आला, 2024 मध्येही पाचवाच. मुराकामी त्याच्या चाहत्यांच्या क्लबचे मानद सदस्य आहेत आणि त्यांनी सदस्यत्व सोडल्याचं ऐकिवात नाही.